वही, मोजपट्टी आणि कुंचला

१. पाहुण्याचा प्रश्न

पनवेलास प्रथमच आलेला पाहुणा, चहापाणी आटोपले म्हणजे, यजमानास बहुधा एक प्रश्न विचारतो: "तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?" यजमान जरा विचार करून कर्नाळ्याचा किल्ला व त्याच्या पायथ्याचे पक्षी-अभयारण्य सांगतो, आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोण येथील जन्मस्थान सांगतो, पावसाळ्याचे दिवस असले तर गाढेश्वरकडे जाण्याचे सुचवितो, आणि प्रश्न गावाविषयीचा असताना आपली सगळी उत्तरे गावाबाहेरची आहेत, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

यात त्याचा दोष नाही. देवालय, किल्ला, धबधबा ही पाहण्याची स्थळे आणि रस्ता, नाका, बाजार ही केवळ ओलांडण्याची, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. तथापि जरा चौकसपणे पाहू लागल्यास या ओलांडण्याच्या जागाच अधिक बोलक्या ठरतात. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, त्या काळी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी गलबताने पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. या एका गोष्टीत पनवेलच्या बंदर रोडाचे, तांदळाच्या पेठेचे आणि बैलगाडीची चाके घडविणाऱ्या येथील कारागिरीचे कारण सापडते. 1852 साली येथे नगरपालिका स्थापन झाली, एवढे या कसब्याचे महत्त्व होते. पुढे 1863 साली आगगाडी बोरघाट चढून गेली ती मात्र कर्जतमार्गे, आणि पनवेल तिच्या वाटेवरून सुटले. येथे रूळ यावयास त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. म्हणूनच जुन्या गावाची पेठ खाडीच्या बाजूस वाढलेली आणि रेल्वेस्थानक गावाच्या पूर्वेच्या कडेला, अशी आजची रचना आपणांस दिसते. स्थानकापलीकडे जे आहे ते नवीन पनवेल, आणि ते गेल्या काही दशकांतले.

असे पाहण्याची साधने तीन आहेत: नोंद करणाऱ्याची वही, आखणी करणाऱ्याची मोजपट्टी आणि चित्रकाराचा कुंचला. या प्रकरणात ती एकेक हाती घेऊन पाहू.

२. वर्णनापासून पाहणीपर्यंत

शहराकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहण्याची परंपरा मराठीत बरीच जुनी आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांनी 1863 साली 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध केले आणि पाचच वर्षांनी, म्हणजे 1868 साली, ना. वि. जोशी यांचे 'पुणे शहराचे वर्णन' बाहेर आले. राजवाडे आणि लढाया यांच्यापुरता इतिहास मर्यादित न ठेवता शहरातील नाना जातींचे लोक, त्यांचे धंदे, बाजार व चालीरीती हाही लिहून ठेवण्याजोगा विषय आहे, ही दृष्टी या ग्रंथकारांनी वाचकांस दिली.

परंतु वर्णनास एक स्वाभाविक मर्यादा असते. वर्णन करणाऱ्याच्या नजरेत जे ठळक असते ते प्रथम भरते; जे सर्वत्र असते आणि म्हणूनच दिसेनासे झालेले असते, ते निसटते. ही उणीव मोजणीने भरून निघते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी हाती घेतली आणि तिचे दोन भाग 1945 व 1952 साली प्रसिद्ध केले. कुटुंबात माणसे किती, कमावती किती, भाडे किती, कर्ज किती, असले साधे प्रश्न घरोघर जाऊन विचारावयाचे आणि मिळालेल्या उत्तरांची पद्धतशीर कोष्टके करावयाची, हे त्या कामाचे स्वरूप होते.

येथे वाचकास शंका येईल, की सबंध शहरातील प्रत्येक घरी जाणे खानेसुमारीच्या सरकारी खात्याला जमेल, एखाद्या संस्थेला ते कसे जमावे? यावरचा उपाय म्हणजे नमुना पाहणी. समजा, एका आळीत 300 घरे आहेत. त्यांची अनुक्रमे यादी करावी, पहिले घर चिठ्ठी टाकून ठरवावे आणि तेथून पुढे दर दहाव्या घरी जावे, म्हणजे 30 घरे होतात. त्यांपैकी 12 घरांत भाडेकरू आढळले, तर सबंध आळीत भाडेकरूंची घरे 120च्या आसपास असावीत, असा अंदाज करता येतो. तो अगदी बिनचूक नसेल, पण निष्कारण एका बाजूस झुकलेलाही नसेल. याउलट, ओळखीची किंवा रस्त्यालगतची सोयीस्कर अशी 30 घरे निवडली, तर दुकानदारांची संख्या फुगेल आणि आतल्या बोळात राहणारी विधवा किंवा रात्रपाळीचा कामगार हिशेबातून गळेल. पाहणीचा प्रामाणिकपणा उत्तरांत असतो तितकाच घरे निवडण्याच्या शिस्तीतही असतो.

३. निदान आधी, चिकित्सा नंतर

पनवेलास वैद्यकाची परंपरा चांगली परिचित आहे. 1872 साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे 'धूतपापेश्वर' या आयुर्वेदिक औषधसंस्थेचा पाया घातला. निष्णात वैद्य रोग्याची नाडी पाहिल्यावाचून, त्याचा आहार, निद्रा व पूर्वीची दुखणी विचारल्यावाचून मात्रा देत नाही. शहराच्या बाबतीतही हाच शिरस्ता असला पाहिजे, असा आग्रह ज्याने धरला तो पॅट्रिक गेडीस हा स्कॉटलंडचा जीवशास्त्रज्ञ होता, आणि त्याचे पुष्कळसे काम आपल्याच देशात झाले.

गेडीस 1914 साली हिंदुस्थानात आला. नगररचनेविषयीचे त्याचे चित्रांचे व नकाशांचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते जर्मनांच्या 'एमडेन' या युद्धनौकेने बुडविले. तरीही मित्रांनी नवी सामग्री जमवून पाठविली आणि 1915च्या आरंभी मद्रासेत ते प्रदर्शन भरले. पुढे त्याने ठाण्यासह अनेक गावांविषयी अहवाल लिहिले. 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला, त्याचा पहिला प्राध्यापक तोच. त्याच्यामागून ती धुरा गो. स. घुर्ये यांनी वाहिली आणि घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी समाजाचा हा अभ्यास मराठी वाचकांच्या घरापर्यंत आणला.

गेडीसचे म्हणणे थोडक्यात असे: जुन्या गावातून एकदम रुंद, सरळ रस्ता काढण्यासाठी शेकडो घरे पाडणे ही चिकित्सा नव्हे. आधी पायी हिंडावे, कोणती विहीर वापरात आहे, कोणते घर पडीक आहे, मुले कोठे खेळतात, हे पाहावे. नंतर एखादे पडके घर काढून तेथे मोकळी जागा करावी, एखाद्या बोळाचे तोंड रुंदावावे, आणि बाकीचे गाव सुखरूप राहू द्यावे.

होळकरांच्या इंदुरात त्याने याच विचाराला एक दृश्य रूप दिले. प्लेगने गांजलेल्या त्या शहरात त्याने दिवाळीची भव्य मिरवणूक योजिली आणि तिचा मार्ग नेहमीचा न ठेवता ज्या रस्त्यांवरची घरे लोकांनी अधिक स्वच्छ केली असतील त्या रस्त्यांवरून ती जाईल, असे जाहीर केले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि शेवटी त्यांचे दहन झाले. मिरवणूक आपल्या दारावरून जावी, या हौसेने लोकांनी गल्ल्या झाडून काढल्या. आरोग्यखात्याच्या हुकूमनाम्याने जे साधले नसते ते एका देखाव्याने साधले. शहराच्या अभ्यासात कलेला स्थान का असावे, याचा याहून चांगला दाखला शोधण्याची गरज नाही.

४. मोजपट्टी काय सांगते?

आता मोजपट्टी हाती घेऊ. आपल्या गावात रहदारी फार झाली, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो: रस्ता रुंद करा. पण निदान झाले आहे काय? एक लहानसे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. खरे आकडे ज्याचे त्याने उरण नाक्यावर किंवा शिवाजी चौकात उभे राहून मिळवावेत.

समजा, बाजारातला रस्ता 12 मीटर रुंद आहे. त्यातील 9 मीटर वाहनांकडे आहेत आणि कडेच्या 3 मीटरांत पायी चालणारे व टोपल्या मांडून बसलेले विक्रेते आहेत. अर्ध्या तासात 900 माणसे पायी गेली. त्याच वेळात 135 वाहने गेली. त्यांपैकी पाच एस.टी.च्या बसगाड्या असून त्यांत मिळून 200 माणसे होती, आणि उरलेल्या 130 स्कूटरी, रिक्षा व मोटारींत मिळून 250. म्हणजे वाहनांतून एकूण 450 माणसे गेली.

आता भागाकार करा. पायी चालणाऱ्यांच्या वाट्यास आलेल्या रस्त्यातून दर मीटरमागे 300 माणसे गेली, वाहनांच्या वाट्यास आलेल्या रस्त्यातून दर मीटरमागे 50. शिवाय ज्या पाच बसगाड्यांनी रस्ता अडविल्याचे आपणांस वाटले, त्यांनीच वाहनांतल्या निम्म्याच्या जवळपास माणसांना वाहून नेले. वाहने मोजली तर एक रोग दिसतो, माणसे मोजली तर दुसराच. पदपथ काढून रस्ता रुंद करण्याचा उपाय अशा ठिकाणी अधिक माणसांची जागा काढून कमी माणसांना देतो, हे पाटी-पेन्सिलीने सिद्ध होते. त्यासाठी वास्तुविशारदाची पदवी लागत नाही.

५. मनातला नकाशा

जमिनीवरच्या नकाशाखेरीज प्रत्येक नागरिकाच्या मनात आणखी एक नकाशा असतो. अमेरिकेतील नगरशास्त्रज्ञ केव्हिन लिंच याने बोस्टन, जर्सी सिटी व लॉस एंजेलिस येथील रहिवाशांना आपापले शहर आठवणीने काढावयास सांगितले आणि 1960 साली त्यावर पुस्तक लिहिले. लोकांच्या आठवणीत पाच गोष्टी प्रामुख्याने राहतात, असे त्यास आढळले: वाटा, कडा, मोहल्ले, चौक आणि खुणेची ठिकाणे.

पनवेलात हा प्रयोग सहज करता येतो. जुन्या गावातल्या माणसास पत्ता विचारा. तो टपाल नाक्यावरून निघेल, मिरची गल्ली सांगेल, लाइन आळीत वळवील, विरूपाक्षाच्या देवळाजवळ थांबवील आणि वडाळे तळ्याच्या काठाने नेऊन सोडील. नवीन पनवेलचा रहिवासी सेक्टर सांगेल, भूखंडाचा क्रमांक सांगेल आणि एखाद्या बँकेची किंवा दवाखान्याची खूण देईल. पहिली रीत अनेक पिढ्यांच्या वापरातून झाली आहे, दुसरी आखणीच्या टेबलावर. दोन्ही उपयोगी आहेत. क्रमांकाने टपालवाला चुकत नाही, आणि आळीच्या नावाने परगावाहून आलेले माणूस पोरके होत नाही. अभ्यासकाने पाहावयाचे ते एवढेच, की क्रमांक देऊन वसविलेल्या वस्तीत लोक स्वतःच्या खुणा कोठे निर्माण करतात. वडापावची गाडी, पिंपळाखालचा पार, गणपतीच्या मंडपाची जागा ही त्यांनी आराखड्यात स्वहस्ते केलेली दुरुस्ती असते, आणि पुढच्या आराखड्यात तिला जागा मिळाली पाहिजे.

६. कागदावरचे शहर

नवीन पनवेलचा आराखडा कोठून आला? मुंबई बेट उत्तरेकडे चिंचोळे वाढत चालले असताना खाडीपलीकडच्या मुख्य भूमीकडे वळावे, ही सूचना स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने 1959 सालीच केली होती. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकात पलीकडच्या तीरावर नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. नगररचनेचा एवढा मोठा प्रस्ताव एका कलेच्या नियतकालिकातून यावा, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. त्याच सुमारास, पूर्वी ज्यांनी पुण्याची कुटुंबे मोजली होती त्या धनंजयराव गाडगिळांच्या समितीने, एकच अजस्र शहर न वाढविता मुख्य भूमीवर अडीच लाखांच्या आतल्या अनेक वस्त्या कराव्यात, अशी शिफारस केली. हे शहर वसविण्यासाठी 17 मार्च 1970 रोजी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. 95 गावांच्या परिसरातील 344 चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या मुंबईसाठी ठरविण्यात आले, आणि त्यात पनवेल तालुक्याचा मोठा भाग आला.

आराखडा दूरदृष्टीचा होता, यात शंका नाही. पण त्या कागदावर एक गोष्ट फिकट उमटली होती. जमिनीचा मोबदला सात-बाराच्या उताऱ्यावर ज्याचे नाव त्यास मिळतो. परंतु खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याचा मासा, मिठागरात राबणाऱ्या आगऱ्याची मजुरी आणि दुसऱ्याची भातखाचरे कसणाऱ्याचे पोट कोणत्याच उताऱ्यावर नोंदलेले नसते. गावठाणाची सरहद्द एका काळ्या रेषेने आखली गेली, आणि त्या रेषेच्या आत कुटुंबे वाढतच राहिली. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्रांचा असंतोष संघटित झाला. 16 व 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात आंदोलकांवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण स्वीकारले गेले. जे पाहणीत नोंदले गेले नव्हते, ते रस्त्यावर येऊन स्वतःची नोंद करून गेले.

आखणी माणसाच्या वाढीस जागा ठेवू शकते, याचेही उदाहरण याच परिसरात आहे. बेलापूर येथे 1983 ते 1986च्या दरम्यान कोरिया यांनी जी वसाहत रचली, तिला लोक आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ओळखतात. सात-सात घरांचा एकेक गट एका लहानशा सामाईक अंगणाभोवती, आणि असे तीन गट पुन्हा एका मोठ्या चौकाभोवती, अशी तिची बांधणी आहे. शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकांस जोडलेल्या नाहीत. त्यामुळे कुटुंब वाढले, पैसा गाठीस आला, की ज्याने त्याने आपले घर शेजाऱ्यास न दुखविता वाढवावे. आज तेथील कित्येक घरांचे मूळ रूप ओळखू येत नाही. काहींना हा रचनेचा पराभव वाटतो. परंतु राहणारे घर बदलणार, हे गृहीत धरूनच ती रचना केलेली होती.

७. कुंचल्याला काय दिसते?

वहीला संख्या कळते, मोजपट्टीला अंतर कळते. परंतु एकाच क्षणी एका नाक्यावर चाललेले दहा वेगवेगळे व्यवहार एकत्र धरण्याचे सामर्थ्य चित्रात आहे. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरील 1912 सालच्या इंग्रजी पुस्तकासाठी म. वि. धुरंधर यांनी चित्रे काढली. धुरंधरांच्या मुंबईकरांच्या चित्रांकडे आज पाहताना पागोट्याची घडी, लुगड्याचा काष्टा, फेरीवाल्याची उभे राहण्याची ढब, असा केवढा तरी ऐवज हाती लागतो, आणि तो कोणत्याही खानेसुमारीच्या दप्तरात सापडणार नाही.

आपल्या काळातले उदाहरण सुधीर पटवर्धनांचे. 1949 साली पुण्यास जन्मलेले पटवर्धन व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. 1975 ते 2005 अशी तीस वर्षे त्यांनी ठाण्यात तो व्यवसाय केला आणि त्याच ठाण्याची व मुंबईची माणसे, पूल, नाले, गाड्या व चाळी रंगविल्या. 'इराणी रेस्टॉरंट', 'ट्रेन', 'लोअर परळ' ही त्यांची चित्रे पाहा. त्यांतली माणसे कष्टाने जाड झालेल्या अंगाची, स्वतःच्या विचारात मग्न आणि तरीही एकमेकांस खेटून असलेली आहेत. 2001 सालच्या 'लोअर परळ'मध्ये गिरणगावाची जुनी वस्ती आणि तिच्यावर चढू लागलेले नवे बांधकाम एकाच चौकटीत येतात. हे स्थित्यंतर सांगण्यास संशोधकास अनेक कोष्टके लागतील, आणि तरीही ज्याच्या डोळ्यांदेखत ते घडले त्या माणसाचे खांदे कसे झुकले, ते कोष्टकात दिसणार नाही.

याचा अर्थ चित्र नेहमी खरे आणि संख्या रूक्ष, असा करू नये. चित्रकार जागा बदलतो, माणसे हलवितो, नको ते गाळतो. म्हणून चित्रातून उद्भवलेली शंका वहीने तपासावी आणि वहीत न बसलेली गोष्ट चित्रात शोधावी.

८. आपल्या आळीची पाहणी

1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका झाली. जुना कसबा, सिडकोच्या खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल या वसाहती आणि भोवतालची खेडी एका कारभाराखाली आली. या क्षेत्राची 2011 सालची लोकसंख्या 5,09,901 होती. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला, टेकडी कापण्यात आली आणि कोंबडभुजे, चिंचपाडा यांसारखी गावे उठली. यापुढे येथील जमिनीचे मोल आणि रूप झपाट्याने बदलणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. म्हणून पाहणीचे काम आज करण्याजोगे आहे, आणि ते सामान्य नागरिकास करता येते.

प्रथम एकच आळी निवडावी. तिची लांबी-रुंदी मोजून वहीच्या पानावर साधा नकाशा काढावा. त्यात घरे, झाडे, ओटे, नळ आणि गटारे दाखवावीत. मग कामाच्या व सुटीच्या अशा एकेका दिवशी, सकाळी, दुपारी व सायंकाळी, अर्धा अर्धा तास बसून कोण येतो, कोण थांबतो, कोण कोठे बसतो, याची नोंद करावी. तिसऱ्या पायरीस वृद्धांस विचारावे, की येथे पूर्वी काय होते आणि भरतीचे वा पावसाचे पाणी कोठपर्यंत येई. गाढी नदीच्या आणि खाडीच्या काठी वसलेल्या गावात हा प्रश्न केवळ आठवणींचा नाही, पुढच्या पुराचाही आहे. शेवटी ज्याच्या हातात थोडीबहुत कला असेल त्याने त्या आळीचे दोन-चार प्रसंग रेखाटावेत. ही सर्व कागदपत्रे तारीख घालून शाळेच्या किंवा वाचनालयाच्या कपाटात ठेवावीत.

त्यांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. 1966च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार शहराची विकास योजना मंजूर होण्यापूर्वी तिचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्या वेळी बहुतेक अर्जांत 'आमच्यावर अन्याय होत आहे' एवढेच वाक्य असते, आणि अशा अर्जाचा निकाल लावणे सोपे असते. परंतु ज्या अर्जासोबत आळीचा मोजलेला नकाशा, तारीखवार नोंदी, पाण्याच्या खुणा आणि तेथील जीवनाचे चित्र जोडलेले आहे, त्यास उत्तर देताना अधिकाऱ्यासही आपला आराखडा पुन्हा उघडून पाहावा लागतो. आखणी करणाऱ्याने पाहणी केली नसेल, तर ती आपण करून त्याच्या टेबलावर ठेवावी. शहराच्या कारभारात नागरिकाने करावयाचे हे काम मत देण्याइतकेच महत्त्वाचे आहे.